करवंदांचं वाक्य

११ जानेवारी, रविवार

पप्पांना कंपनीच्या पतसंस्थेकडून मिळालेली ही डायरी आजपासून माझी. केदारी सर म्हणतात, ज्याला लिहिता यावंसं वाटतं त्याने रोज चार ओळी तरी खरडाव्यात. रोज काही जमायचं नाही, उगाच थापा कशाला? काही घडलं की लिहीन.

काल घडलं. सरांनी अख्ख्या वर्गासमोर जाहीर केलं की निरोप समारंभात दहावीच्या वतीने मनोगत माऊली बोलणार. माऊली म्हणजे मी, राहणार वडिवळे. समीक्षाचा चेहरा पडला. ती पहिल्या नंबरची, घर कामशेतच्या बाजारपेठेत, तिला वाटलं होतं आपल्यालाच सांगतील. पण ती बोलायला लागली की बातम्या लागल्यासारखं वाटतं. बोलण्यात मीठमसाला लागतो, आणि तो माझ्याकडे भरपूर आहे.

आज दिवसभर आठवणी काढत बसलो. लोणावळ्याच्या सहलीत चिक्की खाऊन सगळी बस ओकली होती ती. भूमितीच्या तासाला पंख्यावरून पडलेलं चिमणीचं घरटं. आणि मंगलच्या चिंबोऱ्या! मंगल ठाकरवाडीची. आदिवासी ठाकरांची ती वाडी धरणाच्या वरच्या अंगाला. तिथून ती आमच्या गावापर्यंत चालत उतरते आणि पुढे कामशेतला आम्ही एकाच एसटीने जातो. पावसाळ्यात ती चिंबोऱ्यांच्या नांग्या गवताने बांधून आणायची, माझ्या आईला द्यायला. एकदा एक सुटली आणि सरांच्या टेबलाखाली गेली. सर खुर्चीवर उभे राहिले होते. एप्रिलात पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं, सोबत कागदाच्या पुडीत मीठ. द्रोण वर्गात फिरायच्या आत निम्मा मीच रिकामा करायचो.

हे सगळं घालणार. लोक हसून हसून मरतील.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळापेक्षा सरांच्या सूचनाच जास्त मिळाल्या.

मधल्या सुट्टीत भाषण वाचून दाखवलं. सर हसले, अगदी चष्मा काढून. मग म्हणाले, "छान आहे. पण निरोप आहे बाबा हा. लोकांच्या डोळ्यांत पाणी कुठे येतं यात? काहीतरी हृदयाला भिडणारं घाल. या शाळेने तुम्हाला माणूस कसं केलं, ते."

मी विचार करत बसलो आणि एकदम आठवलं. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच असते. नववीत गेलो आणि मंगल मधल्या सुट्टीत नळापाशी जाऊन बसायला लागली. डबा आणायची नाही. मग मी घरी सांगून दोन भाकऱ्या जास्त आणायला लागलो, समीक्षा भाजी आणायची, कुणी लोणचं. वर्षभर चाललं ते. मी हे सांगितलं तर सरांचे डोळे खरंच चमकले. तिथल्या तिथे लिहून काढलं.

त्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य होतं: 'आणि मंगलने आम्हाला रानातली करवंदं, बोरं, चिंबोऱ्या खिलवल्या.' सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "हे मध्ये आलं की रस पातळ होतो. भाकरीपाशीच थांब." मला पटलं. मनात थोडं चुकचुकलं, पण लिहिणाऱ्याला काही तरी काढावंच लागतं. सर असंही म्हणाले की नाव नाही घेतलंस तरी चालेल. पण नावाशिवाय गोष्ट पोचत नाही, हे मला कळतं. नाव घेणार.

समीक्षाने विचारलं, "मंगलला विचारलंस का?"

"सरप्राइज आहे."

"सरप्राइज वाढदिवसाला देतात," असं म्हणून ती निघून गेली. जळते, दुसरं काय.

२२ जानेवारी

आज एसटीत मंगल आपणहून शेजारी येऊन बसली. म्हणाली, "शनिवारी माजी आय येनारे."

मला आश्चर्य वाटलं. तिची आई बाया मावशी पाचवीच्या प्रवेशाला आली होती, त्यानंतर शाळेत कधीच नाही. पालकसभेलाही नाही.

"म्या लय मागं लागले," मंगल म्हणाली. "म्हनलं, आय, आता शाळा संपली, एकदा तरी ये. ती म्हनली, तितं समदी शिकल्याली मान्सं, मी काय करू? म्हनलं, बस नुसती. तू भाषनात काय सांगनारेस रं?"

"ऐकशीलच की."

"चिंबोरीचं सांगनारेस ना? सर खुर्चीवर चढल्यालं? म्या आयला सांगून ठेवलंय, माऊली चिंबोरीचं सांगनार हाय."

मी नुसता हसलो. चिंबोरीचं मी मागेच काढून टाकलंय, वेळ पुरत नव्हता. पण तिला काय माहीत आपल्यावर अख्खा परिच्छेद आहे! किती खूश होईल.

२४ जानेवारी

झोप येत नाहीये. आनंदाने.

सुरुवातीला सगळं नेहमीचं झालं, सरस्वतीपूजन, स्वागतगीत, नववीतल्यांची लांबण. मुली साड्या नेसून आल्या होत्या. मंगल तिच्या आईची हिरवी साडी नेसली होती, पदराला इतक्या पिना की हलता येत नव्हतं. बाया मावशी शेवटच्या रांगेच्याही मागे, खुर्च्या रिकाम्या असून भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रमुख पाहुणे आमच्याच शाळेचे जुने विद्यार्थी हौशीरामशेठ, त्यांची लोणावळ्यात दोन रिसॉर्ट आहेत.

मग माझं नाव पुकारलं. सहलीचं सांगितलं, हशा. घरट्याचं सांगितलं, टाळ्या. मग मी आवाज खाली आणला. (हे आरशासमोर केलं होतं.) म्हणालो, "आमच्यातली एक मैत्रीण, मंगल, मधल्या सुट्टीत उपाशीपोटी नळापाशी बसायची. पाणी पिऊन पोट भरायची. आम्ही ठरवलं, आपल्या घासातला घास तिला द्यायचा. या शाळेने आम्हाला भूमिती शिकवली असेल, पण भूक ओळखायलाही शिकवलं." मंडपात कुणी हलेना. पहिल्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. केदारी सरांनी मान वर केलीच नाही.

आणि मग जे झालं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. हौशीरामशेठ उठले, माईक घेतला. "ती मुलगी कुठंय? तिला वर बोलवा." मंगल उठेना. समीक्षाने तिचा हात धरून ठेवला होता, पण बाकीच्या मुलींनी ढकलत ढकलत तिला पुढे आणलं. शेठनी स्वतःला घातलेली शाल काढून तिच्या अंगावर घातली. म्हणाले, "आजपासून ही माझी मुलगी." काय टाळ्या! फोटोवाल्याने मंगलला मान वर करायला दोन-तीनदा सांगितलं. ती रडत होती. तिला भरून आलं होतं.

जेवणात पुरी-भाजी आणि गुलाबजाम. मंगल कुठे दिसली नाही, बाया मावशीही नाहीत. घरी काही काम निघालं असेल. मी एका नववीच्या पोराला सांगून दोघींच्या वाटणीचं बांधून घेतलं, पण तोवर त्या एसटी स्टँडवरूनही निघून गेल्या होत्या. एसटीला वेळ होता तरी चालत का गेल्या कोण जाणे.

पप्पांनी सगळं मोबाइलवर घेतलंय.

२६ जानेवारी

झेंडावंदन. येणारा-जाणारा पाठ थोपटतोय. व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर आला, तिथून हौशीरामशेठनी पुढे पाठवला, आता चिंचवडच्या आत्याचा फोन की तिच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आलाय. पप्पा चहाच्या टपरीवर लोकांना बोलावून दाखवतात.

नववीची पोरं मंगलला 'भाकरताई' म्हणायला लागलीत. म्हणजे भाषण लक्षात राहिलं म्हणायचं!

मंगल आली नव्हती. इतक्या लांबून झेंड्यासाठी कशाला येईल?

२९ जानेवारी

मंगल अजून शाळेत नाही. सराव परीक्षेचा गणिताचा पेपर बुडाला. एसटीत तिची जागा रिकामी असते आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो.

संध्याकाळी आईची बहीण आणि काका आले होते, पप्पांनी परत व्हिडिओ लावला. आई तांदूळ निवडत होती. संपल्यावर सगळे वा वा करत होते, तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"चिंबोऱ्या कुटं गेल्या?"

"कुठल्या?"

"मंगलीनं आनलेल्या. पावसाळाभर चाटूनपुसून खाल्ल्यास की. त्या न्हाई सांगितल्यास."

"आई, भाषणात बसत नव्हतं ते."

"आन् भाकर कशी बसली?"

पप्पा म्हणाले, "आता त्यात काय, सारिका, पोरानं नाव काढलं." आई परत खडे वेचायला लागली. माझे कान मात्र तेव्हापासून गरम आहेत. जेवताना कुणी माझ्याकडे बघत नव्हतं तरी मला वाटत होतं की बघतायत.

आत्ता पहिल्या पानावर जाऊन वाचलं. तिथे चिंबोऱ्या आहेत, करवंदंही आहेत, 'निम्मा मीच रिकामा करायचो' हेही आहे. माझंच अक्षर.

३१ जानेवारी

आज सर म्हणाले, हॉलतिकिटं गुरुवारी वाटायची. प्रत्येकाने स्वतः सही करून घ्यायचं, दुसऱ्याच्या हाती देणार नाही. मंगलची हजेरी घेताना नववीच्या वर्गातून कुणीतरी ओरडलं, "भाकरताई जेवायला गेली!" आमच्या वर्गातलेही हसले. मी हसलो नाही. पण गप्पही बसलोच ना.

समीक्षाला विचारलं, ती का येत नसेल? ती म्हणाली, "खरंच कळत नाही तुला, की कळून विचारतोस?"

उद्या वाडीवर जातो. माफी मागतो. मंगल दहावीला बसली नाही तर मी काय करू?

१ फेब्रुवारी

परत आलोय. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर रात्री डोळे मिटणार नाहीत.

धरणाच्या कडेने पायवाट आहे. मंगल रोज ती उतरते आणि चढते. इतकी वर्षं एका एसटीत बसून मी वर कधी गेलो नव्हतो, आज पहिल्यांदा. अर्ध्या चढावर दम लागला. जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पिशवी नेली होती: माझं जास्तीचं गाइड, पेनांचं पाकीट, बिस्किटांचे पुडे, आणि गेल्या वर्षीचा स्वेटर, तसा चांगला आहे.

मंगल अंगणात वालाच्या शेंगा बडवत होती. मला बघितलं, काठी टाकली आणि आत गेली. बाया मावशी बाहेर आल्या. "बस," म्हणाल्या, तांब्याभर पाणी दिलं. मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली.

"ह्ये काय?"

"मंगलला, परीक्षेसाठी."

"कुनी मागितलं?"

मी म्हणालो, "मावशी, मी माफी मागायला आलोय."

"आन् पिशवी कशाला आनलीस मंग?"

मी पिशवीचे बंद उगाच सोडत-बांधत बसलो. भाषणबाज म्हणे!

मावशी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मंगली मला सांगायची, आय, म्या करवंदं देते, ती पोरं भाकर देत्यात. म्या म्हनलं ब्येस, देवघेव हाय. मला कुटं ठावं, तुमी धर्म करत व्हता त्ये. म्या त्या दिशी चिंबोरीची गंमत ऐकाया आल्ते. आन् ऐकलं काय, तर माजी पोर पानी पिऊन राहायची. मला, तिच्या आयला, समद्या लोकांत कळलं."

"मावशी, ती खरंच उपाशी..." असं काहीतरी मी बोलून गेलो. का बोललो देव जाणे. बहुतेक माझं भाषण खरं होतं हे मला अजूनही सांगायचं होतं.

आतून मंगलचा आवाज आला, "आय, त्याला म्हनावं जा. मी न्हाई येनार परीक्षेला. तितं मला भाकरताई म्हनत्यात."

मावशी आत गेल्या आणि शाल घेऊन आल्या. तीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली. माझ्या पिशवीवर ठेवली आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "ही बी ने. आमाला थंडीला गोधड्या हायेत."

दोन पिशव्या घेऊन उतरलो. वाटेत भिमाजी आबा, म्हणजे माझे आजोबा, गुरं घेऊन भेटले, म्हणाले, "काय रं, वाडीवरून बाजार करून आलास का?" मला रडू फुटलं आणि ते डोळ्यात कचरा गेल्याचं दाखवून लपवलं.

भाकरताई. ते नाव मी याच डायरीत कौतुकाने लिहिलंय. पान फाडायला घेतलं होतं. मग राहू दिलं.

२ फेब्रुवारी

सरांना शाल नेऊन दिली आणि सगळं सांगितलं. सरांनी शालीची घडी चापून सारखी केली. मग म्हणाले, "तुझा हेतू वाईट नव्हता. मुली हळव्या असतात. येईल ती." आणि शाल कपाटात ठेवली. तिथे आधीच सात-आठ शाली होत्या. "पुढच्या कार्यक्रमाला कामाला येईल," म्हणाले.

व्हिडिओ काढून टाका म्हटलं. तर म्हणे हौशीरामशेठ त्या भाषणामुळेच शाळेला कॉम्प्युटर देतायत, आता कसा काढायचा? आणि काढला तरी लोकांच्या मोबाइलमध्ये आहेच.

पप्पांना म्हटलं, तुमच्यातला तरी काढा. पप्पा म्हणाले, "येडा का खुळा तू?"

५ फेब्रुवारी

परिपाठात आज सुविचार सांगायची पाळी मी मागून घेतली. सगळी शाळा समोर. आरशासमोर तयारी केली नव्हती, आणि ते दिसलं. म्हणालो, "आज सुविचार नाही. मी निरोप समारंभात अर्धंच सांगितलं. मंगल आम्हाला करवंदं, बोरं, चिंबोऱ्या आणून द्यायची. सगळ्यात जास्त मी खाल्ली. आम्ही भाकरी दिली ती त्याच्या बदल्यात. माझ्या आईने दिली, मी तर नुसती उचलून आणली. तिला कुणीही त्या नावाने..."

'चिंबोऱ्या' म्हटल्यावर नववीची रांग फिस्सकन हसली होतीच. 'त्या नावाने' म्हटल्यावर कुणीतरी ते नाव घेतलं. केदारी सरांनी माईक काढून घेतला आणि "वर्गात चला" म्हणाले. नंतर मला स्टाफरूमबाहेर उभं केलं. शाळेची शोभा केली म्हणाले.

हॉलतिकिटं वाटली. मंगलचं एकटं टेबलावर राहिलं. त्यावरच्या फोटोत ती आठवीत दिसायची तशीच दिसते, तेल लावून चापून बसवलेले केस.

समीक्षा आज आपणहून माझ्याशी बोलली. "बरं झालं बोललास. पण मंगल कुठे होती ऐकायला?"

८ फेब्रुवारी, रविवार

आज आईने मला आणखी लाज आणली.

सकाळी चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "बायाकडं जाऊन येते." मी म्हटलं, थांब, मी काहीतरी देतो, निदान गूळ तरी ने. ती म्हणाली, "तुज्या पिशवीनं पोट भरलं न्हाई का अजून?" आणि तशीच, मोकळ्या हातांनी निघून गेली.

दुपार टळून गेल्यावर आली तेव्हा ओटीत वाल. चांगले पायलीभर असतील. म्हणे मागून आणले, बियाला! आपल्या घरात बियाण्याची कमी नाही, कणगीत वाल पडलेत. ज्यांच्यापुढे मी तोंड दाखवू शकत नाही त्यांच्याकडे जाऊन ही वर मागते? मी म्हटलं तसं. ती म्हणाली, "तिचं वाल टपोरं हायेत, आपल्यात किडं झाल्यात." हे खरं नाही. मी कणगीत हात घालून बघितलं.

आणि म्हणाली, "तिनं चिंबोरीचं कालवन कसं करत्यात ते सांगितलं. मी करते त्यात चुकतं म्हनली, कोकम लवकर घालते म्हनून. न्हाई म्हनलं तरी खरं हाय."

आबांनी विचारलं, "जेवलीस कुटं?"

"तितंच. भाकर आन् वालाचं कालवन."

आबांनी पुन्हा विचारलं, "वाडीवर जेवलीस?" आमच्या घरातून वाडीवर जाऊन कुणी जेवत नाही. असं कुणी सांगितलेलं नाही, पण जेवत नाही.

"भूक लागली व्हती," आई म्हणाली, आणि पाय धुवायला गेली. आबा बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

मी विचारलं, मंगल काय म्हणाली? माझ्याबद्दल काही बोलणं झालं? "तुज्याबद्दल कशाला बोलायचं?" असं उलट मलाच. मग काय उपयोग झाला जाऊन, तेही सांगेना.

१० फेब्रुवारी

मंगल आली!

एसटीत नव्हती, पुढच्या गाडीने आली असणार. बाया मावशी सोबत होत्या. ऑफिसात सही केली, हॉलतिकीट घेतलं. शिपाईमामांनी सांगितलं म्हणून कळलं. मी खिडकीतून पाहिलं, दोघी फाटकातून बाहेर पडत होत्या. नववीची दोन पोरं फाटकापाशी होती, त्यांतला एक काहीतरी बोलला. मंगल थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली, नुसती. तो बुटाची नाडी बांधायला खाली बसला.

मला वाटतं परिपाठातलं माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं असावं. समीक्षाने सांगितलं असेल. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी काहीच सांगितलं नाही." मग ती आली कशी?

२० फेब्रुवारी

पहिला पेपर, मराठी. केंद्र आमच्याच शाळेत. मंगल माझ्या पुढच्या रांगेत, तिरकी. अख्ख्या पेपरात एकदाही मागे वळली नाही.

निबंधाच्या प्रश्नात निरोप समारंभावर लिहायचा पर्याय होता. वाचला आणि पान उलटलं. माझ्याइतकं चांगलं ते केंद्रात कुणी लिहिलं नसतं. सोडून दिला. झाडाचं आत्मवृत्त लिहिलं, अगदी रद्दड.

पेपर सुटल्यावर आईने दिलेला डबा बाकीच्यांबरोबर बसून खाल्ला. मंगलने पण डबा आणलाय आता, पितळेचा. ती समीक्षाबरोबर बसली होती. मी त्यांच्या बाजूला गेलो नाही. पाणी प्यायलाही गेलो नाही, नळ त्यांच्या पलीकडे आहे.

१८ मार्च

शेवटचा पेपर झाला. भूगोल. बरा गेला.

बाहेर पोरं एकमेकांच्या शर्टावर पेनने नावं लिहीत होती. केदारी सर फाटकापाशी उभे राहून सगळ्यांना पुढे काय करणार विचारत होते. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी कोरा शर्ट घालून तसाच बाजूला उभा होतो. माझ्यावर लिहायला दोघे-तिघे आले, एकाने लिहिलं, 'भाषण एक नंबर.' तो शर्ट आता कुठे टाकू?

मंगलने दप्तरातून पळसाच्या पानांत गुंडाळलेली पुरचुंडी काढली. कच्ची करवंदं, हिरवीगार, आणि मिठाची पुडी. वर्गातल्या प्रत्येकासमोर जाऊन मूठमूठ देत होती. कुणी हसत होतं, कुणी आंबट चेहरे करत होतं, त्या नावावर जे हसले होते त्यांनाही दिली. मी भिंतीकडे सरकलो. मला वाटलं, माझ्यापर्यंत आली नाही तर बरं. मग वाटलं, आली नाही तर मी काय करू?

आली. सगळ्यांत शेवटी. तळाशी राहिलेली सगळी तिने पानासकट माझ्या हातात ओतली, मुठीपेक्षा जास्त होती. मला काहीतरी म्हणायचं होतं, इतके दिवस जुळवत होतो ते. ती थांबली नाही.

"घे," म्हणाली. "आन् ह्ये बी सांग समद्यांना."

समीक्षा आणि ती दोघी एसटी स्टँडकडे गेल्या. मी तिथेच भिंतीपाशी उभं राहून एकेक करवंद खाल्लं, सगळी संपेपर्यंत. कुणाला एक दिलं नाही.

दात इतके आंबले, की घरी आल्यावर आईने ताटात वाढलेली भाकरी चावता येईना.